सरासरी सांगू नका, सामाईक क्षेत्रफळ सांगा

आज जरा भांडायचा मूड आहे, आधीच सांगून ठेवतो. वीकेंडला हलकंफुलकं वाचायचं असेल तर पुढच्या शनिवारी या, तेव्हा मिसळीवर लिहीन. :)

भांडण कोणाशी? तर ज्या ज्या माणसाने पॉवरपॉइंटमध्ये दोन खांब शेजारी शेजारी उभे करून "बघा, हे लोक त्या लोकांपेक्षा पुढे आहेत" असं सांगितलंय, त्या प्रत्येकाशी. "मुलगे कोडिंगमध्ये मुलींपेक्षा बरे." "अमक्या कॉलेजची पोरं तमक्यापेक्षा भारी." "मराठी मीडियमवाले क्लायंट कॉलला कच्चे." "नव्या पेजवर युजर जास्त वेळ थांबतो." हे सगळे दावे एकाच साच्यातून निघतात. दोन गट घ्यायचे, प्रत्येकाची सरासरी काढायची, एक सरासरी दुसरीपेक्षा मोठी निघते (निघणारच! दोन सरासऱ्या दशांशापर्यंत तंतोतंत सारख्या यायला काय लॉटरी लागलीय?), आणि मग अख्ख्या गटाच्या कपाळावर शिक्का मारून मोकळं व्हायचं.

माझं म्हणणं साधं आहे. दोन गटांची तुलना करायची असेल तर दोन्हींचे वक्र एकाच आलेखावर काढा, त्या दोन वक्रांखाली जो भाग सामाईक येतो त्याचं क्षेत्रफळ मोजा, आणि तो आकडा त्याच स्लाइडवर सरासरीइतक्याच मोठ्या अक्षरात छापा. तो नसेल तर स्लाइड परत. बस्स, एवढंच.

आता हे सामाईक क्षेत्रफळ म्हणजे काय, ते आधी बघू. प्रत्येक गटाचा वक्र असा काढायचा की त्याच्याखालचं एकूण क्षेत्रफळ १ येईल. गटात पन्नास माणसं असोत की पन्नास हजार, क्षेत्रफळ १ च. मग दोन्ही वक्र एकावर एक ठेवायचे. प्रत्येक ठिकाणी जो वक्र खाली असेल त्याची उंची घ्यायची आणि त्या खालच्या रेषेखालचं क्षेत्रफळ काढायचं. उत्तर ० आलं तर दोन गटांचा एकमेकांशी काही संबंध नाही. १ आलं तर दोन्ही वक्र तंतोतंत एक. खऱ्या जगात उत्तर मधे कुठेतरी येतं, आणि बहुतेक वेळा स्लाइड बनवणाऱ्याला जेवढं वाटतं त्याच्यापेक्षा बरंच मोठं येतं. गंमत तिथेच आहे.

एका कंपनीत (नाव सांगणार नाही, ओळखायचा प्रयत्नही करू नका) कॅम्पसची यादी छाटायची मीटिंग मी पाहिलीय. ट्रेनिंगनंतरच्या परीक्षेतले मार्क, दोन प्रकारची कॉलेजं, दोन खांब. पाच मिनिटांत ठरलं की दुसऱ्या प्रकारच्या कॉलेजांना पुढच्या वर्षी जायचं नाही. एकानेही विचारलं नाही की मार्क पसरलेत किती. तिथले आकडे इथे देत नाही, पण त्याच जातीचं एक उदाहरण करून दाखवतो.

समजा अ गटाची सरासरी ७२ आणि ब गटाची ६८. दोन्हींचं प्रमाण विचलन, म्हणजे आपलं स्टँडर्ड डेव्हिएशन, १०. दोन्ही वक्र घंटेच्या आकाराचे. आता खांबांचा आलेख काढताना उभा अक्ष ६४ पासून सुरू करा. एक खांब ८ घरं उंच, दुसरा ४. अरे वा, दुप्पट! मीटिंगमधल्या लोकांच्या डोळ्यात जे भरतं ते हे 'दुप्पट'.

आणि आता सामाईक क्षेत्रफळ काढा. उत्तर येतं ०.८४. शंभरातला चौऱ्याऐंशी भाग सामाईक!

अजून खोलात जाऊ. दोन्ही वक्र ७० वर एकमेकांना छेदतात. समजा पासाची रेघ तिथेच आहे. अ गटातले शंभरातले ५८ पास होतात, ब गटातले ४२. म्हणजे ब गट अख्खा कापलात तर शंभरामागे ४२ चांगली पोरं तुम्ही बघितलीसुद्धा नाहीत. आणि 'भारी' कॉलेज म्हणून डोळे झाकून जी अ गटातली शंभर घेतलीत, त्यातली ४२ रेघेच्या खालची आहेत. शिवाय दोन्हींकडून एकेक मुलगा किंवा मुलगी चिठ्ठी टाकून उचलली, तर शंभरातल्या साधारण ३९ वेळा ब गटाचा उमेदवार अ गटाच्या उमेदवाराच्या पुढे निघतो. हे सगळं त्याच ७२ आणि ६८ मध्ये दडलेलं होतं. खांबांनी त्यातलं काही सांगितलं का?

४२ हा आकडा दोनदा आला हा योगायोग नाही. नुसते मार्क बघून "हा अ चा की ब चा" हे ओळखायचं असेल आणि दोन्ही गट सारखेच मोठे असतील, तर कितीही हुशार पद्धत वापरा, चुकण्याची शक्यता सामाईक क्षेत्रफळाच्या निम्म्याखाली जात नाही. ०.८४ चे निम्मे ०.४२. नाणं उडवून ओळखलंत तर शंभरात ५० चुका, आणि सगळी अक्कल वापरलीत तर ४२. कॉलेजचं नाव आणि मार्क यांचं नातं एवढंच, आणि त्यावर आपण लोकांचं करिअर ठरवतो.

"हे तू बनवलेले आकडे आहेत" असं कोणी म्हणायच्या आत खरा डेटा घेतो. 'आर' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ज्याच्याकडे असेल त्याच्या मशीनवर हा डेटा आधीपासूनच बसलेला आहे. नाव आयरिस. एडगर अँडरसन यांनी मोजलेली १५० फुलं, तीन जाती, प्रत्येकी ५०. रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली आपल्या शोधनिबंधात तो वापरला आणि तेव्हापासून संख्याशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी ही फुलं आली.

यातल्या व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या दोन जाती घ्या आणि निदलाची, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरच्या घेरातल्या दलाची, रुंदी बघा. एकीची सरासरी २.७७ सेंटीमीटर, दुसरीची २.९७. टी-टेस्ट लावा. पी-व्हॅल्यू येते ०.००२ च्या आसपास. झालं! ०.०५ च्या खाली, सिग्निफिकंट, टाळ्या. आता त्याच दोन ढिगांना घंटेच्या आकाराचे मानून सामाईक क्षेत्रफळ काढा. ७५ टक्के! म्हणजे 'सिग्निफिकंट' फरक असलेल्या या दोन जातींतलं फूल नुसत्या त्या रुंदीवरून ओळखायला गेलात, तर शंभरातली फार तर ६२-६३ बरोबर येतील.

उलट, त्याच डेटात पाकळीची लांबी बघा. तिसऱ्या जातीची, सेटोसाची, सगळ्यात लांब पाकळी १.९ सेंटीमीटर. व्हर्सिकलरची सगळ्यात छोटी ३. मधे मोकळं मैदान, सामाईक काही नाही. फरक असावा तर असा. आणि व्हर्सिकलर-व्हर्जिनिका यांच्या पाकळीच्या लांबीत साधारण २० टक्के सामाईक. एकच डेटा, तीन तुलना, आणि तिन्ही 'सिग्निफिकंट'. पण एकीत फूल बघताक्षणी ओळखू येतं, दुसरीत बऱ्यापैकी, आणि तिसरीत जवळजवळ नाणेफेक. हा भेद पी-व्हॅल्यू बघून आपल्या डोक्यात शिरत नाही, सामाईक क्षेत्रफळ बघून शिरतो.

कारण पी-व्हॅल्यूचं कामच वेगळं आहे. फरक मुळीच नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. डेटा वाढवत गेलात की चिमूटभर फरकही 'सिग्निफिकंट' होतो. वेबसाइटच्या दोन डिझाइनवर दहा-दहा हजार युजर सोडा. दोन सरासऱ्यांत प्रमाण विचलनाच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे ०.०५ चा फरक दिसला, तरी पी-व्हॅल्यू ०.०००४ च्या आसपास येते. सामाईक क्षेत्रफळ? ९८ टक्के. अशा फरकालाही किंमत असू शकते, कारण कोट्यवधी क्लिकमध्ये तेवढ्यानेही पैसे मिळतात. ते मला मान्य. पण "युजरना नवं डिझाइन आवडलं" हे वाक्य त्यातून निघत नाही हो! बहुतेक युजरना काही फरक पडलेला नाही, हे त्यातून निघतं.

संख्याशास्त्रवाल्यांची भाषाही इथे थोडी दोषी आहे. जेकब कोहेन यांनी फरकाला प्रमाण विचलनाने भागून तीन टप्पे सुचवले: ०.२ म्हणजे छोटा, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. कोहेन यांनी स्वतः हे टप्पे जपून वापरायला सांगितलं होतं, पण सांगितलेलं ऐकतो कोण! आता हेच तीन टप्पे सामाईक क्षेत्रफळात बघा. छोटा म्हणजे ९२ टक्के सामाईक, मध्यम म्हणजे ८० टक्के, आणि 'मोठा' म्हणजे ६९ टक्के. मोठा! वर्तमानपत्रात "संशोधकांना मोठा फरक आढळला" असं वाचलंत की आपल्या डोळ्यासमोर दोन वेगवेगळे डोंगर येतात. प्रत्यक्षात दोन डोंगर एकमेकांच्या मांडीवर बसलेले असतात. सामाईक भाग एक तृतीयांशाच्या खाली आणायचा तर दोन सरासऱ्यांत प्रमाण विचलनाच्या दुप्पट अंतर लागतं. आणि ऑफिसातल्या स्लाइडवर असं अंतर मी तरी क्वचितच बघितलंय.

बरं, हे काढायला किती कष्ट? 'आर'मध्ये मोजून पाच ओळी. दोन्ही गटांना 'डेन्सिटी' हे फंक्शन लावायचं, प्रत्येक बिंदूवर दोन उंचींतली लहान उंची 'पीमिन'ने घ्यायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि दोन बिंदूंमधल्या अंतराने गुणायचं. पण सॉफ्टवेअर विचारलं तेवढंच सांगतं, म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, 'डेन्सिटी'ला काही सांगितलं नाही तर ते प्रत्येक गटासाठी स्वतःची सुरुवात आणि शेवट निवडतं. दोन्हींचे ५१२-५१२ बिंदू येतात, पण ते एकाच जागचे नसतात. तसेच ते 'पीमिन'मध्ये घातलेत तर एरर येत नाही, उत्तर येतं आणि ते सपशेल चूक असतं. म्हणून 'फ्रॉम' आणि 'टू' दोन्हींना सारखे द्या, आणि दोन्ही टोकांना वक्र जमिनीला टेकेल एवढे लांब द्या.

दुसरी, आधी एकेका वक्राचं क्षेत्रफळ काढून बघा. १ च्या जवळ आलं नाही तर पुढे जाऊ नका. बेरीज करून अंतराने गुणायचं राहिलं असेल तर ते इथेच पकडलं जातं.

तिसरी, वक्र किती गुळगुळीत काढायचा हे 'बँडविड्थ' ठरवते. फार मोठी घेतलीत तर सगळेच डोंगर सपाट होतात आणि सामाईक भाग फुगतो. फार छोटी घेतलीत तर वक्राचा कंगवा होतो आणि सामाईक भाग आक्रसतो. दोन-तीन बँडविड्थ घेऊन बघा. उत्तर ०.८४ चं ०.८१ झालं तर ठीक, ०.५ झालं तर तुमचा डेटाच अपुरा आहे.

चौथी, एकच आकडा देऊन थांबू नका. डेटातून पुन्हा पुन्हा नमुने उचलून (बूटस्ट्रॅप म्हणतात त्याला) हजारदा तेच गणित करा आणि उत्तर कुठून कुठवर हलतं ते सांगा. वीस-वीस माणसांच्या दोन टीमची तुलना करणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं. तो पट्टा किती रुंद येतो ते बघून अर्ध्या अप्रेझल मीटिंगा आपोआप रद्द होतील.

वन्यजीवांचे अभ्यासक हे सगळं कधीपासून करतायत. 'आर'मध्ये 'ओव्हरलॅप' नावाचं पॅकेजच आहे. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांवरून कुठला प्राणी दिवसाच्या कुठल्या वेळी फिरतो याचे वक्र काढायचे आणि दोन प्राण्यांच्या वेळा किती जुळतात ते मोजायचं. रिडआउट आणि लिंकी यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. पॅकेजसोबत येणारा डेटा सुमात्रामधल्या केरिंची सेब्लात राष्ट्रीय उद्यानातला आहे, त्यात वाघ आहे, टेपिर आहे. त्यांनी एक बारकावाही सांभाळलाय. घड्याळ गोल असतं, रात्रीचे पावणेबारा आणि सव्वाबारा शेजारी शेजारी असतात. साध्या वक्राला ते कळत नाही, म्हणून त्यांनी गोल फिरणारा वक्र वापरला. सुमात्राच्या जंगलातल्या टेपिरला एवढा न्याय मिळतो. आपल्याकडे एसीत बसलेल्या माणसाला दोन खांब!

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात जोरदार म्हणणं, कारण ते टाळणं बरं नाही. "अरे, पण मधला भाग सारखा असला तरी टोकाला फरक मोठा होतो ना? आम्हाला टॉपचेच लोक हवेत." बरोबर आहे. गणित खरं आहे. वरच्याच उदाहरणात ९० च्या वर जाणारे अ गटात हजारी ३६ आणि ब गटात हजारी १४. म्हणजे अडीचपटीहून जास्त. म्हणून टोकाचा प्रश्न असेल तर टोकाचं क्षेत्रफळही काढा आणि तेही छापा. माझी काही हरकत नाही. पण मग एक सांगा. तुमच्याकडे प्रत्येक उमेदवाराचे मार्क आहेत, त्यावरूनच तर तुम्ही सरासरी काढलीत. ९० च्या वरचा माणूस समोर बसलेला असताना तो अ चा की ब चा हे विचारायचं कशाला? गटावरून अंदाज त्याने बांधावा ज्याच्याकडे माणसाबद्दल दुसरं काही नाही. हातात थर्मामीटर असताना कपाळाला हात लावून ताप कोण बघतं?

दुसरं म्हणणं, "तुम्हाला काय, सगळे सारखेच आहेत असं सिद्ध करायचंय." अजिबात नाही. हे माप कुणाच्या बाजूचं नाही. समजा ऑफिसला जायचे दोन रस्ते आहेत आणि दोन्हींची सरासरी ५० मिनिटं. खांबवाले म्हणतील, फरक शून्य. पण एकाचं प्रमाण विचलन ५ मिनिटं आणि दुसऱ्याचं १५. सामाईक क्षेत्रफळ फक्त ५२ टक्के. हिंजवडीला नऊच्या मीटिंगला पोचणाऱ्या कोणालाही विचारा, हे दोन रस्ते सारखे आहेत का ते! सरासरीने लपवलेला फरक इथे क्षेत्रफळाने बाहेर काढला. मरे वाइट्झमन यांनी १९७० मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्यासाठी हेच माप वापरलं, ते गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या उत्पन्नाचे वक्र किती जुळतात हे बघायला. तिथे जुळणारा भाग जेवढा कमी तेवढी विषमता जास्त. फरक असेल तर तो दिसलाच पाहिजे. फक्त जेवढा आहे तेवढाच दिसावा.

हे निव्वळ ऑफिसच्या स्लाइडपुरतं असतं तर एवढं डोकं फिरलं नसतं. पण गटाच्या सरासरीवरून माणसाची लायकी ठरवायचा इतिहास फार वाईट आहे. ती निरागस आयरिसची फुलं ज्या नियतकालिकात छापून आली त्याचं नाव होतं 'ऍनल्स ऑफ युजेनिक्स'. माणसांची 'पैदास सुधारण्याचा' विचार मांडणारं ते नियतकालिक, आणि फिशर स्वतः त्या विचाराचे पुरस्कर्ते. आपल्या रोजच्या वापरातल्या कितीतरी चाचण्या याच वातावरणात जन्मल्या. चाचण्या त्यामुळे चुकीच्या ठरत नाहीत, पण वापरताना हात थोडा आवरता घ्यायला हवा.

आणि इथे एका मराठी बाईंची आठवण काढायलाच हवी. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी पीएच.डी. साठी बर्लिनला होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर (हा फिशर वेगळा). त्यांचा समज असा की युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू जास्त असमान असतात आणि त्याचा संबंध त्याच्या वरचढ बुद्धीशी आहे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशाप्रमाणे तसा फरक त्यांना सापडला नाही, आणि सापडला नाही असं त्यांनी प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, खुद्द आपल्या गाइडच्या विरोधात! तो गाइड १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला आणि नाझींच्या वंशधोरणाला त्याने विद्वत्तेचा मुलामा दिला. बाई पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात आल्या. त्यांच्याकडे ना 'आर' होतं, ना लॅपटॉप. मोजायचं प्रामाणिकपणे आणि जे निघेल तेच सांगायचं, एवढंच होतं.

साधनंही काही परदेशातूनच आली असं नाही. अनिल कुमार भट्टाचार्य यांनी १९४३ मध्ये कोलकात्यात दोन वक्र किती जुळतात याचं एक माप मांडलं. दोन उंचींचा गुणाकार करायचा, वर्गमूळ घ्यायचं आणि क्षेत्रफळ काढायचं. आज मशीन लर्निंगवाले ते भट्टाचार्य यांच्या नावानेच वापरतात. म्हणजे "आम्हाला हे माहीत नव्हतं" ही सबब ऐंशी वर्षांपूर्वीच संपलीय.

असो. फार बोललो. सोमवारी कोणीतरी तुमच्यासमोर दोन खांब ठेवेल, कुठल्या तरी टीमबद्दल, कॉलेजबद्दल, गावाबद्दल, मुलींबद्दल. तेव्हा आवाज न चढवता फक्त विचारा: "दोन्हींचे वक्र दाखवता का? सामाईक किती आहे?" उत्तर नसेल तर कच्चा डेटा मागून घ्या आणि चहा होईपर्यंत स्वतः काढा. आणि तो आकडा ईमेलमध्ये सगळ्यांना टाका, मॅनेजरला सीसी करून.

ता. क. "आमच्या ऑफिसात 'आर' टाकायला परवानगी नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी: वक्र घंटेच्या आकाराचे मानायला हरकत नसेल तर एक्सेलमध्येही होतं. पहिल्या रकान्यात मार्क, दुसऱ्या-तिसऱ्यात दोन वक्रांच्या उंची, चौथ्यात त्यातली लहान, खाली बेरीज, गुणिले मार्कांची पायरी. आणि दोन्हींचं प्रमाण विचलन सारखं असेल तर तेवढंही नको. सरासरीतल्या फरकाला प्रमाण विचलनाच्या दुपटीने भागा, घंटेच्या तक्त्यात त्या आकड्याच्या पलीकडची शेपटी बघा आणि तिची दुप्पट करा. आमच्या उदाहरणात ४ भागिले २०, म्हणजे ०.२. शेपटी ०.४२. दुप्पट ०.८४. कॅल्क्युलेटरही लागला नाही.